रिकाम्या पाटावरचे दोन टक्के

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला मेलबर्नच्या एका कॉफीच्या दुकानातली पावती दाखवलीत. कॉफीचे पैसे, केकचे पैसे, आणि खाली वेगळ्या ओळीत, कार्डाने पैसे दिल्याबद्दलचा अधिभार. "आजी, रत्नागिरीत पण असं घेतात का?" धाकटीने विचारलं. मी म्हटलं, "घेतात कोणी कोणी," आणि तेवढ्यात तुमची शाळेची बस आली. खरं उत्तर बरंच लांब आहे. ते तुमच्या आईच्या मामाकडे, गणपतीच्या शाळेत घडलं आणि मी स्वतः त्यात होते, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

गणपतीची शाळा म्हणजे मुलांची शाळा नव्हे, हे तुमच्या आईने सांगितलं असेलच. मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझ्या माहेरचं घर आहे, आणि घराला लागून एक लांबट पत्र्याची पडवी. तिथे माझे वडील शाडूच्या मातीचे गणपती करत, आणि त्यांच्यानंतर माझा धाकटा भाऊ करतो. आषाढ-श्रावणात लोक आपापल्या घरचा पाट आणून देतात. पाटाच्या मागे खडूने नाव लिहिलेलं असतं. त्या पाटावरच त्यांचा गणपती बसतो, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी, हरतालिकेला, ते येऊन तो घेऊन जातात. कित्येक घरांचे पाट आजोबांपासून आमच्याकडेच येतात. मी लग्न होऊन याच गावात राहिले, शाळेत गणित आणि इंग्रजी शिकवलं, पण गणपतीच्या दिवसांत पाट फळीवर नीट क्रमाने लावण्याचं काम कधी कोणाला दिलं नाही.

आता मुख्य गोष्ट. गणपतीची रक्कम पाट आणला तेव्हाच ठरते. घेऊन जायच्या दिवशी मूर्तीसमोर पैशाचं बोलणं होत नाही. येणारा माणूस विडा-सुपारी ठेवतो, नारळ ठेवतो, आणि पाटाच्या कडेला पैसे ठेवतो. ठरलेल्या रकमेवर एक रुपया, नेहमी. तो पैसे ठेवत असताना माझे वडील पाठ फिरवून बाहेरच्या नळावर हात धुवायला जात. हात स्वच्छ असले तरी धूत. भाऊही तसंच करतो. माणूस गणपती डोक्यावर घेऊन गेला की मग पैसे उचलायचे.

आधी आला मोबाइलवरून पैसे देण्याचा कागद, तो चौकोनी ठिपक्यांचा. भावाची तक्रार नव्हती. तो कागद त्याने पडवीच्या बाहेरच्या खांबाला चिकटवला. पण त्याच्याबरोबर एक बोलणारी डबी आली. पहिल्याच गिऱ्हाइकाने पैसे पाठवले आणि डबी पडवीभर ओरडली, "तीन हजार एक रुपये प्राप्त झाले!" सगळे गणपती रांगेत बसलेले, आणि मध्ये ही बाई.

"बंद कर तिला! देवासमोर आकडे काय ओरडते!" भाऊ म्हणाला.

"बंद केली तर पैसे आले की नाही कसं कळणार, बाबा?" भाची म्हणाली.

"कळायचं कशाला? त्याने दिले असतील."

शेवटी डबी जुन्या टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात गेली. हरतालिकेच्या दिवशी स्वयंपाकघरातून दिवसभर कोणीतरी तोंड दाबून बोलतंय असा आवाज येत राहिला.

ही भाची, म्हणजे माझ्या भावाची मुलगी. चित्रकलेचं शिक्षण घेतलेली. भावाचा हात तीन-चार वर्षांपासून थरथरतो. माती त्याला अजून ऐकते, पण डोळ्यांची आखणी त्याच्याने होत नाही, आणि डोळे नसलेला गणपती कोणी नेत नाही. आखणी आता भाची करते. ती आहे म्हणून शाळा आहे. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि कोणी बोलून दाखवत नव्हतं. गेल्या वर्षी जूनमध्ये मात्र तीच बोलली. चिपळूणच्या एका शाळेत चित्रकलेच्या शिक्षिकेची जागा होती, दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. "आत्या, या वर्षी शाळेने आपला खर्च आपण काढला तर मी राहते. नाहीतर मी चिपळूणला जाणार. रागाने नाही सांगत. मला पगार पाहिजे."

खर्च निघत नव्हता, कारण पाट कमी होत होते. बाजारात प्लास्टरचे गणपती मिळतात, तिथे कार्ड चालतं. आमचे अर्धे लोक मुंबईत नोकरीला. गणपतीच्या महिन्यात त्यांचा गाडीभाड्याचा, कपड्यांचा, किराण्याचा खर्च एकदम येतो. क्रेडिट कार्डावर घेतलं की पैसे पुढच्या महिन्यात द्यायचे. हौस म्हणून नव्हे, तर त्या महिन्यात हातात काही उरत नाही म्हणून ते कार्ड काढतात. दोन घरांनी तर पाट आणलाच नाही. म्हणून भाचीने बँकेतून कार्डाचं मशीन आणलं.

मशीनचे कागद इंग्रजीत होते. ते वाचायचं काम माझ्याकडे आलं. मशीनला दर महिन्याला भाडं, आमचा धंदा वर्षातून एक-दीड महिन्याचा असला तरी. बँकेच्या साध्या कार्डाला किरकोळ कपात, पण क्रेडिट कार्डाला जवळजवळ दोन टक्के. शंभर रुपये गिऱ्हाइकाने दिले, तर आपल्या खात्यात अठ्ठ्याण्णव येणार.

"हे दोन रुपये कोणाचे?" भावाने विचारलं.

हाच तुमच्या पावतीवरचा प्रश्न. मी एका कागदावर तीन वाटा लिहिल्या. एक, कार्डवाल्याकडून दोन टक्के वेगळे घ्यायचे. दोन, सगळ्यांचीच रक्कम थोडी वाढवायची. तीन, आपण सोसायचे. पहिली वाट मला सरळ वाटली, म्हणून मी पाटी सुद्धा रंगवली. मग बँकेच्या करारात, बारीक अक्षरात, मलाच वाचायला मिळालं की हा खर्च गिऱ्हाइकावर टाकायचा नाही. शहरातले निम्मे दुकानदार टाकतात, पण आम्ही सही केली होती. पाटी उलटी करून मी तिच्यावर रंगाच्या बाटल्या ठेवल्या.

"मग सगळ्यांचे शंभर-शंभर वाढवू," भाची म्हणाली.

"मिरकरवाड्यातली ती जाळी शिवणारी बाई," भाऊ म्हणाला, "वर्षभर एका डब्यात पैसे टाकून रोख आणते. मुंबईवाल्याच्या कार्डाचे पैसे तिने का द्यायचे?"

"मग तुम्ही द्या."

"मी देतो."

"कशातून, बाबा?"

त्यावर भाऊ उठून नळावर गेला. हात धुवायची वेळ नव्हती. वाद तिथेच थांबला, आणि काही न ठरवता तिसरी वाट आपोआप सुरू झाली. आपण सोसायचे.

हरतालिकेचा दिवस आला. पाऊस थांबून थांबून पडत होता. पालीच्या पुढे आत एक गाव आहे, तिथल्या एका घरातला मुलगा सकाळी आला. मुलगा म्हणते, पण त्याचं वय पन्नाशीच्या आसपास असेल. मुंबईत एका हार्डवेअरच्या दुकानात काम करतो. त्याने नारळ ठेवला, विडा ठेवला आणि खिशातून कार्ड काढलं. भावाला मशीनचं काही कळत नाही, पण रीत कळते. त्याने मशीन उचलून त्या माणसाच्या हातात दिलं, पाठ फिरवली आणि नळाकडे गेला. भाची दुसऱ्या टोकाला एका गणपतीची सोंड सावरत होती. मी फळीवरचा पाट शोधत होते. त्या माणसाने एकट्यानेच आकडे दाबले, पिन दाबला, बाहेर आलेला कागद न वाचता खिशात घातला, आणि मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकून तिला डोक्यावर घेऊन बाहेर थांबलेल्या टेम्पोकडे गेला.

दुपारी चहा घेताना भाचीने मोबाइलवर दिवसभराची जमा पाहिली आणि कप खाली ठेवला.

"आत्या, तीस हजार एक."

तिघांनीही तो आकडा वाचला. काय झालं ते मला लगेच कळलं, आणि तुम्हालाही कळेल. ठरले होते तीन हजार. त्याने तीन हजार दाबले, मग रिवाजाचा एक रुपया आठवला, आणि नोटांच्या शेजारी नाणं ठेवावं तसा त्याने पुढे एक दाबला. मशीनला रिवाज माहीत नाही. त्याने तो एक शेवटी जोडून घेतला.

"त्याला मेसेज आला असेल की," मी म्हटलं.

"डोक्यावर गणपती घेतलेला माणूस फोन काढतो का?" भाऊ म्हणाला. "आणि त्यांच्या गावात रेंज नाही."

फोन लागत नव्हताच. भाचीने बँकेत विचारलं. मशीन रात्री आपोआप दिवसाचा व्यवहार पुरा करतं. त्याच्या आत, तेच कार्ड लावून, रद्द करता येतं. नंतर मग पैसे परत पाठवायचे, त्याला दिवस लागणार, आणि तीस हजारांवरचे दोन टक्के बँक परत देईल याची खात्री नाही. तोवर त्या माणसाचं कार्ड सणभर अडकलेलं. परतीचं तिकीट तो कशाने काढणार?

भाऊ एकदम म्हणाला, "आत्ताच्या आत्ता जा." माझ्या वडिलांचा आवाज होता तो.

"आत्या, तू चल," भाची म्हणाली. "मी एकटी गेले तर वाटेल पैसे मागायला आली."

आम्ही रिक्षा केली. मशीन मी पदराखाली धरलं होतं. वाटेत भाची एकच वाक्य बोलली. "तीस हजारांचे दोन टक्के म्हणजे सहाशे, आत्या. सहाशेचा रंग येतो." नंतर ती बाहेर बघत राहिली. चिपळूणचं तिच्या डोक्यात असणार. मी विचारलं नाही.

त्या घरी पोचलो तर गणपती बसायच्या जागेवर माटवी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायची लाकडी चौकट, बांधायचं काम चाललं होतं, तिला कवंडळं ही रानफळं आणि सुपाऱ्यांचे घोस टांगत होते. आम्हाला दारात बघून त्या माणसाची आई उठली. तिचा चेहरा उतरला होता.

"पैसे कमी पडले काय वो?"

"नाही आई, जास्त पडले," भाची म्हणाली.

"जास्त पडले म्हणून कोण येतंय एवढ्या लांब?" म्हातारीचा विश्वास बसेना. मग तिने मुलाला हाक मारली. "अरे, बाहेर घेऊन जा त्यांना. देवाच्या खोलीत पैशाचं नको." मला विचारलं, "उपास असंल ना तुमचा? चहा चालतो?" चालतो म्हटलं.

त्या माणसाने खिशातला कागद काढून उजेडात धरला. "आयला. म्हणजे सगळं कार्ड संपलं की माझं."

अंगणात रेंज नव्हती. रेंज सड्यावर मिळते, तो म्हणाला. सडा म्हणजे गावाच्या वरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार, घराच्या मागूनच चढ होता. आम्ही तिघं चढलो, मी सगळ्यांत मागे, छत्रीची काठी करून. सड्यावर भाद्रपदात बारीक जांभळी फुलं येतात, पायाखाली येऊ नयेत म्हणून जपून चालावं लागतं. भाची मशीन वर धरून इकडून तिकडे फिरत होती. शेवटी एका दगडावर चढली तेव्हा मशीनला रेंज मिळाली. कार्ड लावलं. रद्द झाल्याचा कागद बाहेर आला. त्या माणसाने तो माझ्या हातात दिला. "बाई, तुम्ही वाचा. माझ्या डोळ्यांवर आज भरवसा नाही." मी मोठ्याने वाचला. त्याने कपाळावरचा घाम पुसला.

मग खरे पैसे घ्यायचे होते. त्याने मशीन हातात घेतलं आणि भाचीकडे बघून म्हणाला, "आता पाठ फिरवायची नाही हां. इथे उभं राहा समोर. तुमचे बाबा गेले नळावर आणि मी त्या मशीनशी एकटा. परीक्षेला बसवल्यासारखं झालं मला." त्याने एकेक आकडा बोलत दाबला. तीन, शून्य, शून्य, एक.

कागद निघाला तेव्हा त्याने विचारलं, "हे फुकट चालत नसणार. आमच्या दुकानात शेठ क्रेडिट कार्डवाल्याला सरळ सांगतो, दोन टक्के पडतील. तुम्ही कधी काही बोलला नाहीत."

"आम्ही नाही घेत," भाची म्हणाली. "आणि देवासमोर टक्के कसे बोलणार?"

"ते खरं. पण एक सांगू? आषाढात पाट द्यायला आलो तेव्हाच घेतले असतेत तर मला बरं पडलं असतं. तेव्हा एवढे खर्च नव्हते. आता बघा, सगळं एकदम आलं."

खाली उतरल्यावर चहा प्यायलो. म्हातारीने आमच्या पिशवीत दोन काकड्या घातल्या.

परतताना रिक्षात भाची म्हणाली, "आत्या, पाट येतो तेव्हा तो रिकामा असतो."

"हो."

"तेव्हा रक्कम बोलायला बाबांना लाज वाटत नाही. तेव्हाच तर ठरवतो आपण. मग कार्डाचे पैसे तेव्हाच घेतले तर?"

मी म्हटलं, "टक्के तरी जाणारच."

"जाऊ देत. पण पैसे आषाढात हातात येतील. शाडू आपण उधारीवर घेतो आणि माती विकणारा उधारीचे किती वाढवून लावतो ते तुला माहीत आहे. रोखीने घेतली तर तो दोन टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त कमी करतो."

मी मनातल्या मनात मांडून पाहिलं, चूक सापडेना. दोन टक्के म्हणजे दोन महिने आधी पैसे मिळाल्याची किंमत, एवढाच त्याचा अर्थ होता. ती आपण द्यायची, कारण फायदा आपला. जाळी शिवणाऱ्या बाईवर त्यातलं काही पडत नव्हतं. माझ्या कागदावरच्या तिन्ही वाटा हे पैसे कोणी द्यायचे एवढंच विचारत होत्या. केव्हा घ्यायचे, हे मला सुचलंच नव्हतं.

घरी आलो तेव्हा भाऊ पडवीच्या दारातच उभा होता. सगळं ऐकून घेतलं. पैसे परत गेले म्हटल्यावर त्याने हात जोडले. मग भाचीने तिचं सांगितलं.

"म्हणजे हरतालिकेला पाटावर काहीच ठेवायचं नाही? मग मी तोंड कशाला फिरवायचं?"

मला हसू आलं, पण तो हसत नव्हता. आमच्या वडिलांची रीत त्याच्या हातून सुटत होती.

"वरचा एक रुपया आहे ना," भाची म्हणाली. "तो कार्डातून घ्यायचाच नाही. तो नाण्यानेच. त्या एकामुळेच तर आज सड्यावर जावं लागलं."

या वर्षी आषाढात मशीन बाहेरच्या ओट्यावर स्टुलावर ठेवलं होतं, पडवीच्या आत नाही. सगळ्यांनी आधी पैसे दिले असं नाही. मिरकरवाड्याची बाई नेहमीसारखी हरतालिकेला रोख घेऊन आली आणि तिची रक्कम गेल्या वर्षीचीच राहिली. काही जणांना आधी पैसे देणं पटलं नाही, त्यांनी तसं तोंडावर सांगितलं. पण मुंबईच्या बऱ्याच लोकांनी दिले, आणि पाट न आणणाऱ्या त्या दोन घरांपैकी एक परत आलं. माती रोखीने आली. मशीनचं भाडं मात्र बारा महिन्यांचं जातं. ते भाचीला अजून सलतं, आणि त्याच्यावर आम्हाला उपाय सापडलेला नाही. अगदी काटेकोरपणे सांगायचं तर शाळेने खर्च काढला आणि वर थोडं उरलं. फार नाही.

भाची मागच्या दिवाळीनंतर चिपळूणला गेली नाही. या वर्षीचं बघून ठरवते म्हणाली होती. तिथल्या शाळेने पुन्हा विचारलं की नाही, मला माहीत नाही.

या हरतालिकेला तो पालीच्या पुढचा माणूस आला. विडा ठेवला, नारळ ठेवला. आम्हाला दिसेल असा उजवा हात वर केला, बोटात रुपयाचं नाणं, आणि म्हणाला, "बघा हां, आज एवढंच." भाऊ पाठ फिरवून नळावर गेला होताच. नळ चालू होता. नाणं पाटाच्या कडेला ठेवायला किती वेळ लागतो? त्या माणसाने ते ठेवलं, हात जोडले, डोळे मिटून उभा राहिला. नळ चालूच.

मी बाहेर गेले. "अरे, एका रुपयासाठी किती पाणी घालवशील?"

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "ठेवणाऱ्याला वेळ लागतो."

तेवढ्यात आतून भाची ओरडली, "बाबा, हात धुऊन झाले असतील तर या. वरची फळी उद्याच मोकळी करायची आहे. पुढच्या वर्षीचे पाट मी तिथे लावणार आहे."

भावाने नळ बंद केला, हात धोतराला पुसले, आणि आत गेला.